फिप्स प्रयोगशाळा, पुसा

बिहारमधील पुसा (जि. समस्तीपूर) येथील कृषी संशोधन संस्थेची मुख्य इमारत. अमेरिकन पोलाद उद्योजक आणि अँड्र्यू कार्नेगी यांचे भागीदार हेन्री फिप्स (१८३९–१९३०) यांनी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्याकडे दिलेल्या ३०,००० पौंडांच्या देणगीचा मोठा भाग या कामी आला. म्हणून इमारतीला त्यांचे नाव मिळाले. लोक तिला ‘नौलखा’ म्हणत. कोनशिला कर्झन यांनी १ एप्रिल १९०५ रोजी बसवली. ॲल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने पुसा येथे गव्हाचे सुधारित वाण निवडले. त्यांपैकी ‘पुसा ४’ विशेष गाजले. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात इमारतीची अपरिमित हानी झाली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलली. पुसा येथे आज डॉ. राजेंद्र प्रसाद केंद्रीय कृषी विद्यापीठ असून शेतीसंशोधनाची ही मोलाची परंपरा तेथे सुरू आहे.