स्वेटरवाल्यांचे गाव

हिवाळा आला की शहरांच्या फुटपाथवर तिबेटी स्वेटरवाले दिसतात. हे लोक हिमालयातून येतात, घरी लोकर विणतात आणि थंडी सरली की पहाडात परततात, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

१९५९ मध्ये दलाई लामांच्या पाठोपाठ हजारो तिबेटी भारतात आले. त्यांच्यातील काही कुटुंबांसाठी १९७२ मध्ये तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही वसाहत उभी राहिली. १९९९ पासून हा भाग गोंदिया जिल्ह्यात आहे. थंड पठारावरच्या या माणसांच्या वाट्याला आमचा रणरणता उन्हाळा आणि धानाची शेती आली. नुसत्या धानावर वर्ष निघत नाही, म्हणून हिवाळ्यात परगावी दुकान मांडायचे. स्वेटर बहुतेक लुधियानाच्या कारखान्यांतले, अनेकदा उधारीवर उचललेले!

२६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती कायद्याने जन्मतः नागरिक ठरते. तरीही अशा तिबेट्यांना परकीय म्हणून नोंदणी करावी लागे. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका तिबेटी तरुणीचा हा हक्क मान्य केला.

‘तुम्ही मूळचे कुठले?’ पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत राहूनही आम्हा मुसलमानांना हा प्रश्न ऐकावा लागतो. तो किती बोचतो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच नॉर्ग्येलिंगचा शेजारी भेटला, तर आम्ही त्याला एवढेच विचारावे : यंदा धान कसे आहे?