कांदा, टोपी आणि उन्हाचा इशारा

वऱ्हाडात ज्याचे बालपण गेले, त्याला मे महिन्यातील दुपार कशी असते हे सांगावे लागत नाही. शाळेला सुट्टी लागली की आम्ही पोट्टे जेवण होताच आमराईकडे पळायचे. पण दाराशी आजी उभी असायचीच. ती प्रत्येकाच्या डोक्याला दुपट्टा गुंडाळायची, खिशात एक लहानसा कांदा कोंबायची आणि म्हणायची, "तपन लय हाये, बापू. कांदा गरम लागला का वापस ये."

कांदा जवळ बाळगला म्हणजे ऊन लागत नाही, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. कोणी तो खिशात ठेवतो, कोणी दुपट्ट्याच्या गाठीत बांधतो. खरे पाहता खिशातला कांदा ऊन शोषून घेत नाही आणि उष्माघातही टाळत नाही. पण आजीच्या बोलण्यातला दुसरा भाग मला पुढे पुष्कळ वर्षांनी उमगला. ती कांद्याला औषध म्हणून देत होती, तशीच निरोप्या म्हणूनही देत होती. कांदा गरम लागला म्हणजे मुलाने उन्हात किती वेळ काढला, हे त्याचे त्यालाच कळावे! अंगावर बाळगायची आणि उन्हाचा इशारा देणारी वस्तू, असे ज्याला आज म्हणतात, ती आमच्या खिशात होती.

मात्र त्याच काळातील दुसरी एक आठवण आहे, ती अशी गोड नाही. आमच्या गावात एक सालदार होते. आम्ही मुले त्यांना मामाच म्हणायचो. नांगरणीचे दिवस होते. भर दुपारी ते तासाच्या टोकाला, धुऱ्यावर कोसळले आणि घरी आणीपर्यंत संपले. त्यांच्या डोक्याला फेटा होता आणि खिशात कांदाही होता. मग उणे काय होते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आज थोडा मागचा इतिहास पाहू या.

आपल्या लोकांनी उन्हाशी सामना केला तो मुख्यतः कापडाने. फेटा, पटका, मुंडासे, उपरणे, दुपट्टा ही नुसती शोभेची वस्त्रे नव्हेत. कापडाचे पुष्कळ पदर एकावर एक आले की मध्ये हवा कोंडते आणि वरची आच खाली उतरत नाही. कापड ओले केले तर पाणी वाळताना डोके थंड राहते. ज्याला फेटाही परवडत नसे, तो सापडेल ते डोक्यावर घेई. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले आणि १९५६ साली आपल्याच मुलखात देह ठेवणारे गाडगेमहाराज ज्या मातीच्या भांड्यात भाकरी खात, तेच भांडे पालथे करून डोक्यावर घालीत व गावोगाव हिंडत. त्यावरूनच त्यांचे नाव पडले.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६७ पर्यंत आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचली. कापसाच्या व्यापारासाठी आणि कारभारासाठी साहेब लोक या मुलखात राहू लागले. त्यांनी आपल्याबरोबर उन्हाची एक मोठी धास्तीही आणली. सूर्याचे काही किरण कवटी भेदून मेंदूला आणि कण्याला इजा करतात, असे त्यांच्यातील पुष्कळ डॉक्टर मानीत. म्हणून शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्याची जाड टोपी साहेब डोक्यावर घाली. काही जण पाठीच्या कण्यावर कापडी गादीदेखील बांधीत. पुढे आपल्याकडील अंमलदारही ही सोलाटोपी घालू लागले. ती सत्तेची खूणच झाली. ज्याच्या डोक्यावर सोलाटोपी तो सावलीत उभा राहून हुकूम देणार आणि ज्याच्या डोक्यावर मुंडासे तो उन्हात ते काम करणार, अशी वाटणी होती.

या समजुतीतील चूक समजून घेण्यासाठी दोन शोध ध्यानात घेतले पाहिजेत. १८०० साली विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे सात रंग पाडले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे तापमापक ठेवला. पारा चढला! हे झाले अवरक्त किरण. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८०१ साली, जर्मनीतील योहान रिटर याने जांभळ्या रंगाच्या पलीकडे चांदीच्या क्षाराचा लेप दिलेला कागद धरला. तो झपाट्याने काळा पडला. हे झाले जंबुपार किरण. हल्ली त्यांना अतिनील किरण म्हणतात.

म्हणजे उन्हात दोन निरनिराळे मार आहेत. एक आचेचा. त्याने अंग तापते, घाम जातो आणि शेवटी उष्माघात होतो. दुसरा जंबुपार किरणांचा. त्याची आच लागत नाही, पण त्याने कातडी करपते आणि वर्षानुवर्षे तो सोसला तर डोळ्यांत मोतीबिंदू व कातडीचे विकार होण्याचा धोका वाढतो. साहेबाने या दोहोंची गल्लत केली. ती किती दूरवर गेली, त्याचा एक मासला सांगतो. १९०८-०९ च्या सुमारास फिलिपिन्स बेटांतील अमेरिकन सैनिकांना नारिंगी-तांबड्या रंगाचे आतले कपडे घालायला दिले गेले. हेतू हा, की त्या रंगाने घातक किरण अडावेत! निष्पन्न काय झाले? सैनिकांना फायदा काही झाला नाही, उलट उकाडा मात्र जास्त झाला. सोलाटोपीचा आग्रहही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुटला. साधी टोपी घालून फौजा उन्हात लढल्या, तरी त्यांच्या मेंदूला काही झाले नाही.

यानंतर शास्त्रज्ञांनी जंबुपार किरण मोजण्याचे साधन माणसाच्या अंगावरच चढवले. १९७६ साली पॉलिसल्फोन नावाच्या प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा यासाठी सुचवला गेला. हा पापुद्रा बिल्ल्यासारखा छातीवर किंवा खांद्यावर लावायचा. दिवसभरात जितके जंबुपार किरण पडतील, तितका त्याच्यात बदल होतो आणि संध्याकाळी तो यंत्राने मोजता येतो. रिटरचा कागदच म्हणा ना, अंगावर लावलेला! फरक इतकाच, की हा बदल घालणाऱ्याला स्वतःला दिसत नसे.

पुढे कॅनडाने १९९२ साली या किरणांचा रोजचा आकडा लोकांना सांगायला सुरुवात केली आणि १९९४ साली जागतिक संघटनांनी तो आकडा सर्व देशांसाठी एकसारखा ठरवला. तीनपासून पुढे जपावे, आठपासून पुढे फार जपावे आणि अकरा किंवा त्याहून जास्त म्हणजे कमाल धोका, असा त्याचा ढोबळ हिशेब आहे. २०१६ साली एका फ्रेंच कंपनीने कातडीवर चिकटवायची टिकली पुढे आणली. तिच्यातील रंग उन्हाने बदलतात आणि मोबाइलने तिचे छायाचित्र घेतले की किती ऊन खाल्ले ते कळते. आता मनगटी घड्याळेसुद्धा हा आकडा दाखवतात.

मग अशी एकेक टिकली आपल्या शेतमजुरांना वाटली म्हणजे काम झाले का? श्रोतेहो, इथेच सावध राहिले पाहिजे. सोलाटोपीची चूक आपण उलट्या बाजूने करू शकतो.

आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. मे महिन्यात आपण हवा खायला चिखलदऱ्याला जातो. ते सुमारे ११०० मीटर उंच. तिथे गार वारा असतो, अंगाला बरे वाटते. पण उंची दर हजार मीटर वाढली की जंबुपार किरण दहाएक टक्के वाढतात. म्हणजे दुपारी बारा वाजता ती टिकली अकोल्याच्या बाजारापेक्षा चिखलदऱ्याच्या गार हवेत जास्त रंग बदलेल. आता अकोल्यात संध्याकाळचे पाच वाजले असे समजा. सूर्य कलला, किरण तिरपे झाले. टिकली म्हणेल, फार भिण्याचे कारण नाही. पण पारा अजून ४४ वर असतो, जमीन भाजत असते आणि वखरामागचा माणूस भोवळ येऊन पडू शकतो. ज्या गोऱ्या लोकांची कातडी लवकर करपते त्यांच्या देशांत ती टिकली मोलाची आहे. आपल्या कातडीला आणि विशेषतः डोळ्यांनाही जंबुपार किरणांपासून जपलेच पाहिजे, यात शंका नाही. पण वऱ्हाडात ऊन माणसाचा जीव घेते ते आचेने, आणि त्या आचेची खबर ही टिकली देत नाही.

आचेची खबर देणारे साधनही आहे. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन आरमारी सैनिकांच्या शिक्षणतळांवर कवायत करताना रंगरूट उष्माघाताने पडत. तेव्हा तीन तापमापकांचा मेळ घालून एक आकडा काढण्यात आला. एक कोरडा, एक काळ्या गोळ्यात बसवलेला आणि एक ओल्या चिंधीत गुंडाळलेला. या आकड्यात दहापैकी सात भाग वजन ओल्या चिंधीच्या तापमापकाला दिले आहे. कारण उघड आहे. माणसाचे शरीर घाम वाळवूनच थंड होते. चिंधी जर वाळत नसेल, तर घामही वाळणार नाही. या आकड्याप्रमाणे तळावर हिरवे, पिवळे, तांबडे किंवा काळे निशाण चढे. काळे निशाण चढले की अंगमेहनतीची कवायत बंद!

यातून आपल्या शेतकऱ्यांनी एक गोष्ट उचलण्याजोगी आहे. मे महिन्यात आपली हवा कोरडी असते. घाम लगेच वाळतो, म्हणून तो गेल्याचे ध्यानात येत नाही आणि अंगातले पाणी आटते. मृगाच्या आगेमागे पारा उतरतो, पण हवा दमट होते आणि घाम वाळेनासा होतो. तेव्हा 'आता काय, तपन कमी झाली' असे म्हणून पेरणीच्या घाईत दिवसभर राबणे धोक्याचे असते.

आता पुन्हा त्या निशाणाकडे वळू. त्यात खरी ताकद रंगाची नव्हती. ते चढल्यावर कवायत थांबवण्याचा हुकूम होता, ही खरी ताकद. अहमदाबादेत २०१० सालच्या मे महिन्यात उन्हाच्या लाटेत नेहमीपेक्षा १३४४ माणसे जास्त दगावली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उन्हाळ्यासाठी आराखडा केला. हवामान खात्याचा इशारा आला की दवाखाने, पाणपोया, कामाच्या वेळा यांचे काय करायचे, ते आधीच ठरवले. आपल्या अकोल्यात २०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी २५ मे रोजी ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केले. एरवी दंग्याधोप्याच्या वेळी ऐकू येणारे हे कलम उन्हासाठी लागले! कामगारांना पिण्याचे पाणी व पंखे पुरवावेत, शिकवणीचे वर्ग भर दुपारी भरवू नयेत, असे त्यात सांगितले होते. त्याची काही जणांनी थट्टा केली. मला मात्र आमचे सालदार मामा आठवले.

त्यांना इशारा मिळाला नव्हता असे नाही. अंगाने दिला असेल, कांद्याने दिला असेल. पण अर्धे वावर राहिले होते आणि "आता बस, झाडाखाली बसा" असे म्हणणारे कोणी नव्हते. आजीचा इशारा आम्हा मुलांना लागू पडला, कारण परत यायला घर होते, दार उघडे होते आणि परत आल्याबद्दल कोणी मजुरी कापणार नव्हते. इशारा ऐकून थांबण्याची मुभा ज्याला आहे, त्यालाच इशाऱ्याचा उपयोग. खिशात कांदा असो की मनगटावर शेकडो रुपयांचे यंत्र, या एका गोष्टीत फरक पडत नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. शाळेच्या अंगणात एक काठी उभी रोवा. तिची सावली काठीपेक्षा आखूड झाली की जंबुपार किरणांचा जोर असतो, हे मुलांना मोजून दाखवा. मेच्या २३ ते २६ तारखांच्या सुमारास आपल्याकडे सूर्य भर माथ्यावर येतो आणि काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. मुलांनो, सावली हीसुद्धा अंगाबरोबर फिरणारी आणि फुकट मिळालेली सूचनाच आहे! शेजारी दोन तापमापक टांगा, त्यातील एकाला ओली चिंधी बांधा आणि रोजचे आकडे फळ्यावर लिहा.

आणि शेतमालक बंधूंनो, नांगरणी-वखरणी पहाटे सुरू करून दहा-अकरापर्यंत सोडा. उरलेले काम कललेल्या उन्हात, तेही आच उतरल्यावर करा. बांधावर पाण्याचा माठ ठेवा. दुपारच्या सावलीचे तास मजुरीतून कापू नका. कोणी बरळू लागला, अंग चटका देण्याइतके तापले, तर त्याला सावलीत आणा, अंगावर गार पाणी टाका, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

कांदा खिशात ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. न्याहारीला भाकरीबरोबर तो उपयोगी पडेलच. पण तो गरम लागला की वापस यायचे, आणि आलेल्याला कोणी बोल लावायचा नाही, एवढे आजीचे म्हणणे आपण सगळ्यांनी पाळू या.