सभाकंपावर मात : तंत्रज्ञान परिषदेत बोलताना

शोधनिबंध तयार असतो, प्रात्यक्षिकही नीट चालत असते. परंतु व्यासपीठावरून नाव पुकारले गेले, की घशाला कोरड पडते. यालाच सभाकंप म्हणतात. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७) आणि कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) यांमुळे सातारा-सांगली परिसरात अभियंत्यांच्या पिढ्या घडल्या. मात्र, मराठी माध्यमातून आलेल्या अनेकांना परिषदेत इंग्रजीतून बोलण्याचे दडपण येते आणि चांगले काम श्रोत्यांपर्यंत पोचतच नाही.

वास्तविक, हा परिसर व्यासपीठाला नवखा नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीतच ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य शिवाजीराव भोसले यांच्या व्याख्यानांनी महाराष्ट्र भारावला. शाळेतील वक्तृत्व स्पर्धांची सवयही येथे आहे. पण ती पाठांतराची असते. तांत्रिक सादरीकरणात मध्येच प्रश्न येतो, प्रोजेक्टर बंद पडतो आणि पाठ केलेला धागा तुटतो.

कंप का सुटतो?

मेंदूला धोका जाणवला, की ॲड्रिनल ग्रंथींतून ॲड्रेनलिन स्रवते. हृदयाचे ठोके वाढतात, हात थरथरतात. हा आजार नव्हे, तर शरीराची सज्जता आहे. ही घालमेल वक्त्याला वाटते तेवढी श्रोत्यांना दिसत नाही, असे सवित्स्की व गिलोविच या मानसशास्त्रज्ञांना २००३ मध्ये आढळले. हे आधी सांगितलेल्या वक्त्यांची भाषणेही अधिक चांगली झाली. ‘शांत हो’ असे मनाला बजावण्यापेक्षा ‘मी उत्साहात आहे’ असे म्हणणे उपयुक्त ठरते, असे ॲलिसन वूड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले.

काय करावे?

* सुरुवातीची चार वाक्ये पक्की करावीत. पुढचे फक्त मुद्दे लक्षात ठेवावेत. इंग्रजी वाक्ये छोटी असावीत.
* वर्गमित्रांसमोर उभे राहून, घड्याळ लावून किमान तीनदा सराव करावा. त्यांना मुद्दाम अडचणीचे प्रश्न विचारायला सांगावे.
* सभागृहात लवकर पोचून प्रोजेक्टर, माइक व पडद्यावरील अक्षरांचा आकार तपासावा.
* प्रात्यक्षिकाचे चित्रीकरण पेन ड्राइव्हवर ठेवावे. इंटरनेटवर विसंबू नये.
* प्रश्न आला, की तो स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगावा; तेवढाच विचारास वेळ मिळतो. उत्तर ठाऊक नसल्यास ‘तपासून कळवतो’ म्हणण्यात कमीपणा नाही.

हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नये. दमा असणाऱ्यांना ती धोकादायक ठरू शकते. भीतीमुळे बोलण्याच्या संधीच टाळल्या जात असतील, तर तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

प्रात्यक्षिक फसले तरी सारे संपत नाही. एप्रिल १९९८ मध्ये शिकागो येथील ‘कॉमडेक्स’ प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीतच ‘विंडोज ९८’ कोलमडले आणि पडदा निळा झाला. म्हणूनच ते अजून बाजारात आणलेले नाही, अशा आशयाचा विनोद गेट्स यांनी केला. सभागृह हसले आणि कार्यक्रम पुढे सुरू राहिला. सभाकंप पूर्णपणे जाईलच असे नाही; पण पूर्वतयारी असेल, तर तो असतानाही उत्तम बोलता येते.