तुतीचे फळ आणि स्थूलता : वडोदऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

प्रास्ताविक

वडोदऱ्याच्या गुजराती बाजारात ज्याला शेतूर म्हणतात, ते मराठी घरात तुती आणि हिंदी-उर्दूत शहतूत होते. ही नावे एकाच कुळातील असून फार्सीतील ‘तूत’ त्यांत ओळखू येतो. अलीकडे या फळाचा अर्क वजन घटवतो असे सांगितले जाते. त्याला ‘हकिमांना हे पूर्वीपासून ठाऊक होते’ अशी पुस्तीही जोडली जाते. वर्गात असे विधान सहज स्वीकारले जाते, म्हणून ते इतिहासाच्या कसोटीवर तपासणे आवश्यक वाटते.

वैद्यकीय परंपरा

इब्न सीना (९८०–१०३७) यांच्या ‘अल-कानून’ या ग्रंथात तुतीची नोंद आहे. आंबट तुतीच्या रसाचा मुख्य उपयोग घसा व तोंडाच्या सुजेवर सांगितलेला आहे. हीच परंपरा ग्रीक वैद्य गॅलनपर्यंत मागे जाते. युनानी औषधालयांतील ‘शरबत-ए-तूत सियाह’ आजही घशासाठीच दिले जाते.

याच ग्रंथात अतिस्थूलतेचाही स्वतंत्र विचार आहे. मात्र तेथे भर आहे तो वेगवान व्यायामावर, उपाशीपोटी स्नानावर आणि पोट भरेल पण पोषण कमी देईल अशा आहारावर. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायातही स्थूल व्यक्तीला पचनास जड, पण शरीर न वाढवणारे अन्न सुचवले आहे. दोन्ही परंपरांचे हे साम्य लक्षणीय आहे.

वडोदऱ्याचा वारसा

यांपैकी व्यायामाचा विचार वडोदऱ्यात संस्थारूपाने रुजला. सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीत (१८७५–१९३९) येथील उस्ताद जुम्मादादा यांच्या आखाड्याचा वारसा त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी पुढे चालवला. गुरू मुसलमान, शिष्य मराठी हिंदू; आणि व्यायाममंदिराला नाव गुरूचे. पुढे याच शहरातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत (१९३६–१९४९) संपादित केला. शरीरस्वास्थ्याचे ज्ञान धर्माच्या भिंती ओलांडून कसे वाहते, याचे हे जवळचे उदाहरण होय.

आधुनिक संशोधन

तुतीचा स्थूलतेशी संबंध प्रामुख्याने आधुनिक प्रयोगशाळेने जोडला. १९७६ मध्ये जपानी संशोधकांनी तुतीच्या मुळाच्या सालीतून डीऑक्सिनोजिरीमायसिन हे द्रव्य वेगळे केले. ते पिष्टमय पदार्थांचे पचन मंदावते. त्याच्यापासून बनवलेले मिग्लिटॉल हे औषध मधुमेहावर वापरले जाते. फळाच्या गडद रंगाला कारण असलेली अँथोसायनिन द्रव्ये वेगळी आहेत. २०११ मध्ये तैवानमधील संशोधकांनी स्निग्ध आहारावर ठेवलेल्या हॅमस्टरना तुतीफळाचा जलीय अर्क दिला, तेव्हा त्यांचे वजन व यकृतातील मेद कमी राहिल्याचे आढळले.

हे निष्कर्ष आशादायक आहेत. परंतु प्राण्यांवरील प्रयोग म्हणजे माणसावरील उपचार नव्हे. पान, साल व फळ यांतील द्रव्येही सारखी नसतात. शिवाय पांढरी तुती व काळी तुती या भिन्न वनस्पती आहेत. पांढऱ्या तुतीचे फळही कित्येकदा काळे असते, त्यामुळे गोंधळ वाढतो.

निष्कर्ष

तेव्हा ‘हकिमांना ठाऊक होते’ हे विधान अर्धेच खरे ठरते. त्यांना तुती ठाऊक होती आणि स्थूलताही; पण दोहोंची सांगड आजच्या अर्थाने त्यांनी घातली नव्हती. आपल्या परंपरेचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र तिच्या तोंडी नसलेले शब्द घालणे हा तिचा सन्मान नव्हे. त्यातून विद्यार्थ्याचे दुहेरी नुकसान होते. तो खोटा इतिहास शिकतो आणि चूर्णाच्या डबीवर विसंबून आहार-व्यायाम सोडतो. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याने तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय असा अर्क घेऊ नये. मोसमात फळ आवडीने खावे. इतिहास मात्र पुरावा पाहूनच शिकवावा.