एक नाव, तीन झाडं

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका इंग्रजी कवितेचा अनुवाद केला. कविता नाईलकाठची होती. तिच्यात एक म्हातारी 'सिकॅमोर'च्या सावलीत बसलेली होती. शब्दकोशात पानाचं चित्र होतं, ते मला चिनारच्या पानासारखं वाटलं. मी बेधडक 'चिनार' लिहून टाकलं. अनुवाद छापून आला, त्याचं कौतुकही झालं. पुढे कधीतरी कळलं, की इजिप्तच्या त्या म्हातारीवर मी काश्मीरची सावली पाडली होती!

मग मी या झाडाच्या मागे लागलो. पाहतो तो सिकॅमोर हे एक झाड नाहीच. एकाच नावाची तीन वेगवेगळी झाडं आहेत.

पहिलं आणि मूळचं इजिप्त-पॅलेस्टाइनचं. ग्रीक भाषेत या नावात अंजीर आणि तुती असे दोन शब्द जोडलेले आहेत. अरबीत त्याला 'जुम्मैझ' म्हणतात. हे आपल्या उंबराचं सख्खं भावंड. तसाच चीक, तशीच खोडाला लगडलेली फळं. प्राचीन इजिप्तमध्ये हाथोर देवीला 'सिकॅमोरची स्वामिनी' म्हणत, आणि या झाडाच्या लाकडाच्या शवपेट्या करत. नवल पुढेच आहे. उंबराचं फूल दिसत नाही, ते फळाच्या आत असतं. चिमुकल्या माशा आत शिरतात तेव्हा बी धरतं. सिकॅमोरच्या बाबतीत हे काम करणारी माशी इजिप्तमध्ये नाही. म्हणून तिथल्या फळात बी धरत नाही. शेतकऱ्यांनी फांद्या रोवून रोवून हे झाड हजारो वर्षं जगवलं. कच्च्या फळाला चाकूने चीर दिली की ते थोड्याच दिवसांत पिकतं. अशा चिरा दिलेली फळं प्राचीन थडग्यांतही सापडली आहेत. बायबलमधला आमोस हा संदेष्टा याच फळांची राखण करणारा होता.

बायबलबरोबर हे नाव युरोपात गेलं, झाड मात्र गेलं नाही. इंग्लंडच्या लोकांनी ते नाव मेपलच्या जातीच्या एका झाडाला देऊन टाकलं. हे दुसरं सिकॅमोर. डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल गावात असं एक झाड आजही उभं आहे. त्याखाली जमणाऱ्या शेतमजुरांची मजुरी आठवड्याला सात शिलिंगांवर आली होती आणि ती सहावर आणायची भाषा चालली होती. मजुरांनी संघटना बांधली. गुप्त शपथ घेतल्याच्या आरोपावरून 1834 साली त्यांच्यातल्या सहा जणांना सात वर्षांच्या काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियाला धाडलं. लोक खवळले, आणि 1836 मध्ये सरकारला माफी द्यावी लागली. याच जातीचं, हेड्रियनच्या भिंतीपाशी एकटं उभं असलेलं झाड सप्टेंबर 2023 मध्ये दोघांनी रातोरात कापलं, तेव्हा घरचं माणूस गेल्यासारखी माणसं हळहळली.

इंग्रज अमेरिकेत गेले आणि तिथल्या तिसऱ्याच झाडाला त्यांनी हे नाव दिलं. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर 1792 साली चोवीस दलालांनी ज्याच्या नावाने ओळखला जाणारा करार केला, ते हे झाड. त्यातूनच पुढे तिथला शेअर बाजार उभा राहिला. आपला चिनार या तिसऱ्याचा भाऊबंद.

ओळखायचं कसं? पान तोडल्यावर चीक आला आणि खोडावर फळांचे घोस दिसले, तर ते इजिप्तचं. पानं समोरासमोर जोडीने आणि बियांना पंख असतील, तर इंग्लंडचं. पानं एकाआड एक, सालीचे पोपडे निघालेले आणि गोळ्यांसारखी फळं लोंबत असतील, तर अमेरिकेचं. पान, साल, फळ पाहावं; नाव शेवटी विचारावं.

माझं नाव ऐकून 'तुम्ही मराठीत लिहिता?' असं विचारणारे अजून भेटतात. पूर्वी राग यायचा. आता तो चिनार आठवतो. मीही नाव वाचलं होतं, झाड पाहिलं नव्हतं.

मराठी बायबलात जक्कय येशूला पाहायला ज्या झाडावर चढतो, ते उंबराचं आहे. त्या जुन्या अनुवादकांनी माझ्यासारखी घाई केली नव्हती. परवा माझ्या वहीतला 'चिनार' मी खोडला आणि तिथे 'उंबर' लिहिलं. म्हातारी आता आपल्या झाडाखाली बसली आहे.