सोन्यावाचून सुवर्ण

स्वर्णवंगात सोन्याचा कणही नसतो. वंग म्हणजे कथील. स्वर्ण आहे ते रंगापुरतं. कथील आणि गंधक यांच्या संयोगातून निघणारे हे पिवळेधमक पापुद्रे युरोपात चित्रकाराच्या हाती पडले, आपल्याकडे वैद्याच्या. इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी यांनी इ. स. १४००च्या सुमारास लिहिलेली कृती आणि आयुर्वेदाच्या रसशास्त्रातली कृती शेजारी ठेवून पाहा: कथील, पारा, गंधक, नवसागर हे चारही घटक तेच. तेव्हा एकाने दुसऱ्याची कृती उचलली असणार, असं कुणीही म्हणेल. मला ते पटत नाही, कारण यातला एकही घटक गूढ नाही. कथील मऊ, खलात घातलं तर चेपतं, पूड होत नाही. पारा मिसळला की ते ठिसूळ होतं आणि गंधकाबरोबर घोटता येतं. कापडमातीचा लेप दिलेली काचकूपी वाळूत तापवली की पारा आणि नवसागर उडून गळ्याशी बसतात, सोनेरी पापुद्रे तळाशी राहतात. आच फार चढली तर गंधक निसटतो आणि हाती करडी भुकटी येते.

प्रश्न उरतो नवसागराचा. तो सुचला कुणाला? नाशिकच्या तांबट आळीतल्या भांड्यांना कल्हई कशी होते, ते आठवावं. तापल्या भांड्यावर नवसागर फिरला की धातूचा पृष्ठभाग स्वच्छ होतो आणि कथील धरतं. कथील-नवसागर ही जोडी भट्टीवरची रोजची. तिथून ती रसवैद्याच्या खलात जायला परदेशी पोथी कशाला हवी? यावर कुणी म्हणेल, चीनमध्ये किमयागार को हुंग यांनी चौथ्या शतकातच कथलापासून सोन्यासारखा पदार्थ करण्याची कृती लिहून ठेवली होती. असेल, पण आधीचं ते उगमाचंच, असं ठरत नाही. ‘कल्हई’ हा शब्दच मुळात अरबी, हा आक्षेप अधिक वजनदार. तो मान्य केला, तरी प्रवास ठरतो तो कारागिराच्या हातातल्या कसबाचा, पोथीतल्या कृतीचा नव्हे. अर्थात हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

मग आपल्याकडे स्वर्णवंगाचा रंग का झाला नाही? आपल्या चित्रकाराकडे पिवळ्यासाठी हरताळ होता, झळाळीसाठी खऱ्या सोन्याचा वर्ख. युरोपात मात्र हेच कथलाचं सोनं हस्तलिखितांत उतरलं, पुढे लाकडावर आणि प्लास्टरच्या पुतळ्यांवरही चढलं. वैद्याने ते प्रमेहावर योजलं. पण कूपी फोडल्यावर तोही आधी सोनेरी झाक आली की नाही, हेच पाहतो.