तोफेचा गोळा आणि साताऱ्याचा कडा

सातारा शहराच्या डोक्यावर उभा असलेला अजिंक्यतारा औरंगजेबानें डिसेंबर १६९९ मध्यें वेढला आणि तो हातीं यावयास बादशहाला जवळजवळ साडेचार महिने लागले. त्याच प्रांतांत, कोयनेच्या खोऱ्यांतील दाट रानांत, वासोटा हा त्याहूनहि दुर्गम किल्ला आहे. एप्रिल १८१८ मध्यें इंग्रजी तोफांचा मारा सुरू झाला तेव्हां तो जेमतेम एक दिवस टिकला. पेशवाई मोडकळीस आली होती, लढणाऱ्यांना धनी उरला नव्हता, हें या फरकाचें मोठें कारण खरेंच. परंतु दुसरेंहि एक कारण आहे व त्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. तें कारण म्हणजे तोफेंतून सुटणारा गोळा.

तोफ म्हटली कीं धूर, गर्जना आणि ती अजस्र नळी डोळ्यांपुढें येते. पण शत्रूवर जाऊन आदळतो तो गोळा. आणि त्या काळीं बहुतेक वेळां तो लोखंडाचा किंवा दगडाचा भरीव गोळाच असे. तो फुटत नसे. त्याचें सारें बळ वजनांत व वेगांत. बारा पौंडी लोखंडी गोळ्याचा व्यास सुमारें साडेचार इंच; तेवढाच दगडी गोळा वजनांत त्याच्या निम्माहि भरत नाहीं. उघड्या मैदानांत असा गोळा जमिनीवर टप्पे घेत माणसांची रांगच्या रांग कापीत जाई. शत्रु अगदीं जवळ आला कीं गोळ्याऐवजीं छर्रे भरीत. तट पाडावयाचा असेल तर मात्र घाई उपयोगाची नसे. तटाच्या खालच्या भागावर, एकाच रेषेंत, दिवसेंदिवस गोळे मारावे लागत. मग वरचें बांधकाम आपल्याच भारानें ढांसळे आणि त्या ढिगाऱ्यावरून चढून जातां येई.

अजिंक्यताऱ्यावर नेमकें हेंच साधेना. तेथें तटाखालीं चाळीस फुटांहून उंच असा काळ्या पाषाणाचा ताशीव कडा आहे. असा कडा गोळ्यांनीं ढांसळत नाहीं. किल्लेदार प्रयागजी प्रभु हा शिवछत्रपतींच्या सेवेंत वाढलेला. त्याच्या माणसांनीं वरून प्रचंड धोंडे लोटण्यास आरंभ केला आणि ते तोफेच्या गोळ्यांइतकेच घातक ठरले. या गोळ्यांना ना दारू लागे, ना तोफ; डोंगराचा उतारच त्यांना वेग देई.

शेवटीं बादशहाच्या तोफखान्याचा अधिकारी तरबियतखान यानें तोफेंत घालावयाची दारू डोंगराच्या पोटांत घातली. १३ एप्रिल १७०० रोजीं सुरुंग उडाले. पहिल्या सुरुंगानें गडावरचे पुष्कळ लोक गाडले गेले. खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखालीं सांपडला, पण जिवंत बाहेर निघाला. दुसरा सुरुंग उलटा, बाहेरच्या अंगास फुटला आणि हल्ल्यासाठीं खालीं दाटीनें उभे असलेले मोगल शिपाईच त्याखालीं चिरडले गेले. सुमारें दोन हजार माणसें मेलीं असें सांगतात. २१ एप्रिलला किल्ला मोगलांच्या स्वाधीन झाला तो त्या खिंडारामुळें नव्हे. राजाराम महाराजांच्या निधनाची वार्ता येऊन पोंचली होती आणि धान्याचीं कोठारें रिकामीं झालीं होतीं.

नव्वद वर्षांनीं मराठे वेढा घालणारे झाले. सांगलीकडच्या तासगांवचे परशुरामभाऊ पटवर्धन सप्टेंबर १७९० मध्यें टिपूच्या धारवाडच्या किल्ल्यास भिडले. तेथें कडा नव्हता. खंदक व मातीचा तट होता, आणि मातींत गोळा रुतून बसतो. भाऊंच्या मदतीस असलेल्या इंग्रजी तुकडींतील मूर नांवाच्या लेफ्टनंटानें या मोहिमेची हकीकत १७९४ सालीं प्रसिद्ध केली. तोफ एकदां भरली कीं गोलंदाज अर्धा तास गप्पा मारीत, हुक्का ओढीत बसतात. मग बार काढतात आणि धुरळा उडाला कीं समाधान मानतात. दुपारीं जेवणाच्या वेळीं तर दोन्ही बाजू तोफा बंद ठेवतात, असें तो लिहितो. वर्णन मौजेचें आहे, पण थट्टा सर्वस्वीं न्याय्य नाहीं. भाऊंच्या छावणींत दारूगोळ्याचा तुटवडा होता, आणि मोजक्या दारूवर भरभर तोफा डागणारा गोलंदाज शहाणा म्हणतां येत नाहीं. शिवाय इंग्रजांनीं स्वतः फेब्रुवारी १७९१ मध्यें केलेला हल्लाहि फसलाच. धारवाड एप्रिलमध्यें हातीं आलें तें तहानें.

वासोट्यावर पडला तो गोळा निराळ्या जातीचा. त्याला आपल्याकडे कुलपी गोळा म्हणत. तो आंतून पोकळ, दारूनें भरलेला. त्याच्या तोंडांत लांकडी नळी बसविलेली असे व नळींत सावकाश जळणारी दारू ठासलेली. तोफेच्या भडक्यानेंच ती पेट घेई. नळी किती लांब ठेवावयाची यावर गोळा केव्हां फुटावयाचा तें ठरे. तो उडविणारी उखळी तोफ आंखूड व रुंद तोंडाची. ती तोंड आकाशाकडे करून बसवीत, आणि अंतर साधावयाचें तें पुष्कळदां दारूचें माप कमीजास्त करून. गोळा तटाला शिवतहि नसे. तो उंच चढून तटाच्या आंत उतरे. ही विद्या इंग्रजांनींच प्रथम आणली असें मुळींच नाहीं. गरनाळा मराठ्यांच्या तोफखान्यांतहि होत्या. मात्र नळी मोजून कापणारे व दारू तोलून भरणारे हात त्यांच्याजवळ कवाइतीनें तयार झालेले होते.

रानांतून वाट काढीत इंग्रजांनीं तोफा जुन्या वासोट्याच्या डोंगरावर चढविल्या. तेथून समोरचा किल्ला माऱ्यांत येतो. कडा कितीहि तुटलेला असला तरी वरून उतरणाऱ्या गोळ्याला तो कसला अडवितो! आणि कुलपी गोळ्याला आंतला माणूस कोण तेंहि कळत नाहीं. त्या वेळीं गडावर छत्रपति प्रतापसिंहांच्या घराण्यांतील मंडळी होती, आणि पेशव्यांच्या लोकांनीं कैद केलेले हंटर व मॉरिसन हे दोन तरुण इंग्रज अधिकारीहि होते. ज्यांच्यासाठीं किल्ला घ्यावयाचा तीं माणसें त्याच छपरांखालीं बसलेलीं होतीं. किल्लेदारानें किल्ला स्वाधीन केला आणि हीं सारीं मंडळी जिवंत गड उतरून आलीं.